खरवडलेला नंबर

आमच्या घराच्या दारावर नंबर टिकत नाही. मी टिकूच देत नाही. मलेरियावाले गेरूने काहीतरी लिहून जायचे, जनगणनेवाले खडूने, आणि पालिकेवाले पिवळ्या रंगाचा चौकोन काढून त्यावर काळ्या आकड्यात. ते गल्लीच्या तोंडाशी पोचले नाहीत तोच मी बाहेर. खडू फडक्याने जातो, गेरू पाण्याने जातो, पण पालिकेचा रंग मोठा चिवट. त्याला खुरपीच लागते, आणि वरून चुन्याचा एक हात. आमचे हे दारात उभे राहून बघायचे आणि म्हणायचे, "कायले व? त्याईनं काय बिघाडलं तुह्यं?"

"बिघडल्यावर खुरपी काय कामाची?" मी म्हणायचे.

हे म्हणजे माझे यजमान. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात, शहराच्या कडेला असलेल्या एका वार्डात आमची पीठगिरणी आहे. इकडे तिला सगळे चक्कीच म्हणतात. चक्कीच्या आवाजात जन्म गेल्यामुळे यांना बोलण्याची सवय राहिली नाही, सगळं मान हलवून चालतं. बोलण्याचं खातं माझ्याकडे. आणि संशयाचंही, असं माझी मुलं म्हणतात. म्हणू देत. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि माझं तोंड नालीच्या वेळी पोळता पोळता वाचलंय.

ती गोष्ट अशी. मी लग्न होऊन आले त्याच्या चार-पाच वर्षांनी आमच्या गल्लीत पक्की नाली करायची ठरली. माप घ्यायला माणसं आली आणि घराघराच्या ओट्यावर लाल बाण काढून गेली. सगळ्यांना वाटलं, चला, नाली होते. मला वाटलं, नालीला बाण कशाला लागतो? मी आमचा बाण पुसला. महिनाभराने मजूर आले आणि बाण होता तिथून ओटे फोडत गेले. आमचा ओटा शाबूत राहिला. हे म्हणतात की समोर कडुलिंब होता म्हणून नाली तिथे वळली. असेल. पण बाण पुसला होता हेही खरंच आहे ना?

तेव्हापासून मी कुठल्याच खुणेवर विश्वास ठेवला नाही. आणि नुसतं स्वतःपुरतं पाहिलं असतं तरी ठीक होतं. मी शेजारच्या मावशीच्या दारावरचा नंबरही खरवडत आले. दर वेळी. तिचा हात पोचत नाही म्हणून.

मावशी आमच्या लगत राहते. भिंतीला भिंत. ती बौद्ध, आम्ही शेतकरी कुणबी, पण आमच्या वार्डात याने चुलीत फरक पडतो, चहात पडत नाही. तिचा नवरा राइस मिलमध्ये हमाल होता, तो तरणाताठा गेला. मूलबाळ नाही. ती त्याच मिलमध्ये तांदूळ पाखडायची, मिल बंद पडल्यावर वार्डाच्या शाळेत मुलांचं दुपारचं जेवण रांधायला लागली. मी या घरात नवरी म्हणून उतरले तेव्हा ओटीत तांदूळ घालायला पुढे आलेली पहिली बाई तीच. तेव्हा तिने मला "नवरी" म्हटलं, आणि आज मला दोन सुना आल्या, डोकं पांढरं झालं, तरी तिच्यासाठी मी नवरीच. भर चौकात हाक मारते, "ओ नवरी!" आणि ऑटोवाले वळून बघतात.

आता आमच्या लोकांची एक सवय सांगते, कारण सगळं रामायण त्याच्यावरूनच झालं.

हा वार्ड आधी खेडंच होता. वैनगंगेकडे उतरत जाणारी धानाची शेतं, मधून एक नाला. मग राइस मिल आल्या. मँगनीजच्या खाणीत कामाला जाणारे इथे टेकले, रेल्वेची छोटी लाइन होती तेव्हा रुळांच्या गँगमध्ये काम करणारे टेकले. बहुतेक सगळे खालून आलेले, म्हणजे महाराष्ट्रातून. जिथे टेकले ती जमीन नजूलची, म्हणजे सरकारी. कोणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मग शहर वाढत वाढत आमच्यापर्यंत आलं आणि सरपंचाच्या जागी पार्षद, म्हणजे नगरसेवक, म्हणायचं आलं. एवढं सगळं झालं, तीन पिढ्या गेल्या, पण कोणी विचारलं की "गाव कोनतं?" तर आमचा माणूस बालाघाट म्हणणार नाही. तो म्हणणार तुमसर. आमगाव. तिरोडा. माझे मुलगे इथल्याच सरकारी दवाखान्यात जन्मले, मराठी धड बोलता येत नाही, पण छाती काढून सांगतात, "हम तुमसर के हैं." तुमसरला यांच्या आजोबांनंतर कोणी मुक्कामाला गेलेलं नाही. आमच्या चक्कीवर डब्यांची ओळखही तशीच. हा आमगाववालीचा, हा गोंदियावालीचा, हा तिरोडावालीचा. तिरोडावाली म्हणजे मावशी. तिचं माहेर तिरोड्याकडचं. तिथलं घर भाऊ असतानाच पडलं, भाऊ गेल्यावर तिचं जाणंही संपलं. पण गाव विचारलं की तिरोडा. खोटं नाही बोलत ती. आपण सगळे तेच सांगतो.

तर अलीकडे आमच्या वार्डाच्या मागची बंद पडलेली मिल कोणीतरी विकत घेतली. भिंत बांधली, भिंतीवर प्लॉटांचं चित्र रंगवलं, आणि कॉलनीत जायचा रस्ता नाल्याच्या काठाने येणार असं ऐकू आलं. नाल्याच्या काठाला कोण? आमची ओळ. मावशी, आम्ही, आणि पुढची आठ-दहा घरं. मी तेव्हाच यांना म्हटलं, "पाहा, आता कोनी तरी वही घेऊन येते का नाही."

आलाच. चाळिशीतला माणूस, गळ्यात कार्ड, पाठीला बॅग, हातात मोबाइल आणि काखेत रजिस्टर. आधी कडुलिंबाखाली उभा राहून पाणी प्याला. मग मला म्हणाला, "माताजी, सर्वे है. जो नजूल पर रहते हैं उनको पट्टा मिलेगा. कब से रह रहे हैं, और कहीं मकान है क्या, बस इतना बताना है. सच सच बोलिए."

पट्टा म्हणजे घराखालच्या जमिनीचा हक्काचा कागद. तो ज्याच्याकडे त्याला कोणी हलवू शकत नाही. त्याच्यासाठी आमच्या वार्डाने किती मोर्चे नेले, किती अर्ज दिले. आणि आता तो असा चालत दारात आला? पी हळद अन हो गोरी! त्यात तो "सच सच बोलिए" म्हणाला ना, तिथेच माझा कान उभा राहिला. खऱ्याला कोणी असं बजावत नाही.

मी त्याला म्हटलं, घरधनी बाहेर गेले आहेत, परवा या. हे आत चक्कीवरच होते. आवाज येत होता. त्याने आवाजाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि निमूट गेला.

मग मी विचार केला. रात्रभर केला म्हणा ना. तो दुसरं घर आहे का हे कशाला विचारत होता? माझा हिशोब असा झाला: ज्याला जायला दुसरी जागा नाही, ज्याच्या मागे कोणी नाही, त्याला आधी हुसकतात. कारण तो ओरडणार कोणाकडे? आणि "चाळीस वर्षांपासून राहतो" असं जो स्वतःच्या तोंडाने बोलला, त्याने चाळीस वर्षांचा कब्जा कबूल केला. म्हणजे गुन्हेगार. तेव्हा सांगायचं काय? आमचं गाव आहे, तिकडे घरदार आहे, भाऊबंद आहेत, आम्ही बेवारस नाही. दोन दिवसांत जी बाई चक्कीवर डबा घेऊन आली तिला मी पीठ कमी आणि हे जास्त दिलं. सगळ्यांनी मान हलवली; केलं मात्र आपलंच, हे मागाहून कळलं. मावशीकडून मात्र मी शेजारी बसून पाठ करून घेतलं.

"तो विचारन, कहाँ की हो. काय म्हनशीन?"

"तिरोड्याची."

"बराबर. अन घर?"

"घर त पडलं न व नवरी."

"पडलं म्हनायचं नाही. आहे म्हनायचं. तिकडे घर आहे, पुतने आहेत. तू एकटी आहे हे त्याले कळू द्यायचं नाही. समजलं?"

"हौ," मावशी म्हणाली. "पन थो पट्टा देऊन राह्यला म्हनते ना?"

"कोनी फुकट देते का काही? तू मले सांग, आजपर्यंत दिलं का?"

मावशीने विचार केला आणि मान हलवली. दिलं नव्हतं.

तो परत आला त्या दिवशी मी आमच्या बाजूच्या भिंतीला कान लावून उभी होते. लाज कसली? मावशी अगदी शिकवल्याबरहुकूम बोलली. तिरोडा. घर आहे. पुतणे आहेत. त्याने पुन्हा विचारलं, "पक्का, माताजी? वहाँ मकान है?" ती म्हणाली, "हौ, है." मला इतका अभिमान वाटला की मी तिच्याकडे लगेच वाटीभर पोह्याचा चिवडा घेऊन गेले. त्या माणसाने जाताना दाराकडे बघितलं, भिंतीवरून हात फिरवला, काहीतरी लिहिलं. चुना हाताला लागला तो झटकला. आमच्याकडे तो त्या दिवशी आलाच नाही. आला तो नेमका मी वारासिवनीला एका बारशाला गेले त्या दिवशी.

घरी आल्यावर मी विचारलं, "कोनी आलतं?"

"आलता," हे म्हणाले.

"मंग?"

"गेला."

यांच्याशी बोलणं म्हणजे हे असं. मी पुढे विचारलं नाही, कारण हे कोणाशी चार शब्द बोलतील असं माझ्या मनातच आलं नाही.

यादी लागली ती वार्डाच्या शाळेच्या भिंतीवर. पट्ट्याला पात्र कोण, अपात्र कोण. मावशीनेच मला बोलावलं. तिला वाचता येत नाही, पण ओळखीच्या बायकांचे चेहरे वाचता येतात, आणि त्या दिवशी सगळ्या हसत होत्या. मी चष्मा लावला. पात्रांच्या यादीत आमच्या ह्यांचं नाव. मी दोनदा बघितलं. गोंदियावालीच्या नवऱ्याचं नाव. आमगाववालीचं. आमच्या ओळीतली जवळजवळ सगळी घरं. मग मी खाली आले. अपात्रांच्या यादीत दोनच नावं होती. एक कोणी तरी भाड्याने राहणारा. दुसरं मावशीचं. समोर कारण लिहिलेलं: मूळ निवास अन्यत्र, अन्यत्र मकान.

"काय लिवलं व?" मावशीने विचारलं.

"चूक लिवलं," मी म्हटलं. "काही तरी गडबड हाय. पाहतो मी."

मला मनापासून वाटलं की गडबड त्यांची आहे. मी पदर खोचून थेट पालिकेत गेले. खिडकीमागे एक बाबू होता. मी त्याला उभ्या उभ्या विचारलं की आमच्या मावशीने तुमचं काय घोडं मारलं, गरीब बाई पाहून नाव कापता का, कॉलनीवाल्याकडून किती... वगैरे. मी बोलायला लागले की मला कोणी थांबवत नाही. त्यानेही थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि रजिस्टर उघडून माझ्याकडे वळवलं.

"पढ़ लीजिए. मौसीजी ने खुद बोला है."

मी वाचलं. तिरोडा. तिकडे घर आहे. पुतणे आहेत. मी बेवारस नाही. हेसुद्धा लिहिलं होतं त्या भल्या माणसाने. शब्दन् शब्द माझा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते मी केलं होतं, आणि हात मावशीचा होता. मला तिथल्या तिथे ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं. पण मी एवढंच म्हटलं, "अब क्या करना?"

"आपत्ति का अर्ज लगाइए. बुधवार को सुनवाई है. बयान उलटा है, इसलिए सबूत लाइए कि पुरानी रहने वाली हैं. दिक्कत ये है कि दीवार पर पुराना मकान नंबर नहीं मिला. वो होता तो पुराने रजिस्टर में देख लेते. वो नंबर से चलता है, नाम से नहीं."

मला तो नंबर पाठ होता. मी तो तीन-चार वेळा खरवडला होता, आणि खरवडण्याआधी माणूस वाचतोच. पण बाबूच्या पाठीमागे भिंतीवर सरकारी सूचना लावलेल्या होत्या, अमुक करणे दंडनीय, तमुक करणे दंडनीय. सरकारी नंबर पुसणं दंडनीय नसेल कशावरून? आणि मी कबूल केलं तर आमचं यादीतलं नाव राहील का? मी खिडकीवरून निघाले. नंबर बोलले नाही. माझ्या भित्रेपणाला मी सावधपणा म्हणते ही खोड तेव्हा मला पहिल्यांदा दिसली, आणि तरीही मी परत फिरले नाही.

घरी येऊन मी आधी यांना धरलं. "तुमी त्या मानसाले काय सांगतलं होतं?"

"जे विचारलं थे. बाप आला होता तेव्हापासून राह्यतो. दुसरं घर नाही."

"तुमसर?"

"तुमसरले काय आहे आपलं?" हे म्हणाले. "एक चिंचेचं झाड होतं, थेबी काकानं विकलं."

"अन मले सांगतलं काहून नाही?"

"तू साऱ्या वार्डाले सांगत होती," हे म्हणाले, "मले कुठं विचारलं तू?"

म्हणजे माझं न ऐकल्यामुळे माझं घर वाचलं होतं. आणि माझं ऐकल्यामुळे मावशीचं जात होतं. मी यांना नंबराचं सांगितलं. हे म्हणाले, "मंग सांगून दे नंबर." मी म्हटलं, "अन मले धरलं त?" हे उठून आत गेले आणि यांनी चक्की चालू केली. दळायला काही नव्हतं.

मावशीला सांगणं भाग होतं. ती शाळेतून येऊन मुगाची डाळ निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. माझ्यामुळे झालं, मी शिकवलं म्हणून झालं. नंबराचं तेवढं सांगितलं नाही. तिने डाळीतला एक खडा काढून बाजूला ठेवला.

"तू सांगतलं म्हून नाही व," ती म्हणाली. "गाव विचारते त आपन गावच सांगतो ना."

बस. ना शिव्या, ना शाप. मला तर ती अजून घाबरवणारी गोष्ट वाटली. इतकी शांत कशी? मी असते तर पाट्यावरवंट्यासकट अंगावर गेले असते. मनात पाल चुकचुकली: ही आता सगळ्या वार्डाला सांगणार. नाही तर ही काही तरी करून घेणार. नाही तर ही निघून जाणार. मी खिडकीतून लक्ष ठेवायला लागले. दुसऱ्या दिवशी बघते तर मावशीने खाटेखालची लोखंडी पेटी बाहेर ओढलेली, लुगडी, चादरी, सगळं अंगणात. बाप्पा! बांधाबांध चालली होती. म्हणजे माझ्यावर रुसून ही तिरोड्याला जाणार, पडक्या घरात, आणि मी जन्मभर तिच्या बंद दाराशेजारी राहणार. मी चपला न घालता धावत गेले.

"कुठं चालली तू?"

"कुठं जातो?" मावशी म्हणाली. "फोटो पाहून राह्यलो व. हे पाय, सापडला."

तो नळाचा फोटो होता. खूप वर्षांपूर्वी, वार्डात पाण्याचा नळ नव्हता तेव्हा, आम्ही बायका रिकामे गुंड, म्हणजे पाण्याच्या कळशा, घेऊन पालिकेसमोर बसलो होतो. नळ आला त्या दिवशी एका स्टुडिओवाल्याने सगळ्या बायकांना नळाभोवती उभं करून फोटो काढला. डोक्यावर, कडेवर भरलेले गुंड. अगदी मध्ये, नळाची तोटी धरून, मावशी. तरणी, दात काढून हसणारी. प्रत्येकीने आपली प्रत घेतली. मी नव्हती घेतली.

"यात तू कुठं आहे, सांग बरं?" मावशीने विचारलं.

मी कोपऱ्यात होते. एका गुंडामागे. कॅमेरा बघितल्यावर मला वाटलं होतं की हा फोटो पोलिसात जाणार, पालिकेसमोर बसलेल्या बायका म्हणून. मी ऐन वेळी गुंड तोंडापुढे धरला. फोटोत मी म्हणजे एक गुंड, दोन हात आणि हिरव्या बांगड्या.

बुधवारी आम्ही दोघी गेलो. हे ऑटोत बसवून द्यायला आले आणि एवढंच म्हणाले, "बोलशीन." विचारलं की सांगितलं ते कळलं नाही.

टेबलामागे एक मॅडम होत्या, बाजूला तोच बाबू, पुढे जाड पुठ्ठ्याची दोन-तीन जुनी रजिस्टरं. मी फोटो पुढे केला. मॅडमनी नीट बघितला. चांगल्या होत्या, उगाच का वाईट बोलू. म्हणाल्या, "बहुत अच्छा फोटो है. पर इसमें नल दिख रहा है, मकान तो नहीं दिख रहा. ये तो पास के गाँव से भी आई हो सकती हैं." मग बोट कोपऱ्यात ठेवून, "और ये मटके के पीछे कौन है?"

"मी," मी म्हटलं.

"आप? सबूत?"

माझ्याआधी मावशीच बोलली. "हेच हाय, मॅडम. मी सांगतो. असी लपनारी आमच्या वार्डात दुसरी कोनीच नाही."

बाबू हसला. मॅडमही हसल्या. मलाही हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. माझी साक्ष द्यायला मी तिला आणलं नव्हतं, तिची द्यायला मी आले होते.

मॅडमनी कागद पुढे ओढला. "ठीक है. बयान लिखते हैं. माताजी, आप बताइए, आप कहाँ की हैं?"

तोच प्रश्न. मावशी खुर्चीत वळली आणि तिने भर कचेरीत, सगळ्यांसमोर मला विचारलं, "काय सांगू व नवरी आता?"

बाबूने पेन थांबवलं. मॅडमनी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं. त्यांना काय वाटलं असेल ते मला स्वच्छ कळलं, त्यांच्या जागी मला तेच वाटलं असतं: ही बाई हिला पढवून आणते. आणि ते खरंच होतं. मावशी माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही हो. मी सांगेन ते ती आताही बोलली असती.

"मले नको विचारू," मी म्हटलं. "तुह्यं तू सांग."

तिरोडा तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. मग ती मॅडमकडे वळली आणि म्हणाली, "मी हिच्या बाजूची."

"मतलब?"

"हिच्या बाजूच्या घरची. हे नवरी आली तेव्हापासून. त्याच्या आंधीपासून."

"अम्मा, ये पता नहीं हुआ ना," बाबू म्हणाला. "मकान नंबर चाहिए."

"एकशे अठरा," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभी राहिले, कारण बसून बोलवेना. "एक सौ अठारह. हमारा एक सौ सत्रह. दीवार पर था. मैंने निकाला. खुरपीने. हर बार मीच काढला, तिचाही. तिने सांगितलं नव्हतं. जे लिखना है माझ्या नावावर लिहा. घर का बोलना भी मैंने सिखाया, तिरोड्याले तिचं घर नाही, भीत बी उभी नाही." हिंदी आणि मराठी आणि आमची बोली, सगळी खिचडी झाली. मला वाटलं आता मॅडम शिपायाला बोलावणार.

त्यांनी बाबूला म्हटलं, "देखिए तो."

बाबूने सगळ्यात खालचं रजिस्टर ओढलं. पानं पिवळी, कडा कुरतडलेल्या. थुंकी लावून पानं उलटत, एकशे दहा, एकशे पंधरा, बोट खाली आणत तो थांबला. आणि त्याने मोठ्याने नाव वाचलं. मावशीच्या नवऱ्याचं. बापाच्या नावासकट, आडनावासकट, पुढे लिहिलेलं "हमाल, राइस मिल" सुद्धा.

मावशीने चटकन पदर डोक्यावर घेतला. ते नाव तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं, ती घेत नसे. मिल बंद झाली, तिथली माणसं गेली, वार्डात ती नुसती मावशी. ते नाव घेणारं आता कोणी उरलंच नव्हतं.

"यही हैं आपके पति?" मॅडमनी विचारलं.

"हौ," मावशी म्हणाली. मग टेबलाच्या कडेला हात ठेवून ती बाबूकडे वाकली.

"आखीन एक बार वाचा ना, सायब."

बाबूने मॅडमकडे बघितलं. मग बोट पुन्हा त्याच ओळीवर ठेवलं आणि सावकाश वाचलं.